कब्रस्तानातलं गाजर गवत

अब्बा गेले त्याच्या पुढच्या पावसाळ्यात मी त्यांच्या कबरीवर सब्जा पेरला. आमच्याकडे ही जुनी रीत आहे. रोप हिरवं आहे तोवर ते अल्लाहचं नाव घेत राहतं, असं मोठी माणसं सांगत आली, आणि मंजिऱ्या आल्या की वासही छान सुटतो. बी शिरूरच्या बाजारातून आणलं होतं. जून सरता सरता एक बरा पाऊस झाला, माती ओली होती, मी दुपारी जाऊन बी टाकलं, वर हाताने माती भुरभुरली आणि फातिहा पढून आलो.

महिन्याने गेलो तर कबरीवर सब्जाची चार रोपं होती. करंगळीएवढी, पिवळट, वर येऊ की नको अशा बेतात. आणि त्यांच्या चहूबाजूंनी गुडघाभर गाजर गवत, वर पांढरी फुलं. त्याच पुडीतलं उरलेलं बी मी घरी कुंडीत टाकलं होतं, तिथे सब्जा इतका दाटला होता की विरळ करावा लागला. तेच बी, तोच पाऊस. कुंडीत काय होतं आणि कबरीवर काय नव्हतं, किंवा कबरीवर काय जास्तीचं होतं, हा प्रश्न मी घरी घेऊन आलो.

गाजर गवत काही मला नवीन नव्हतं. इनामगावात घोड नदीपासून कॅनॉलपर्यंत आणि उसाच्या बांधापासून उकिरड्यापर्यंत ते सगळीकडे आहे. आमच्या घरात तर त्याचं नाव निघालं की अम्मी अजूनही गप्प होते. अब्बांची शेवटची वीस वर्षं या गवताने खाल्ली.

सुरुवात झाली पापण्यांपासून. सकाळी उठले की डोळे सुजलेले. मग मानेवर, कानामागे, कोपराच्या आतल्या बाजूला कातडी लाल व्हायची, खाजायची, पुढे पुढे जाड आणि काळी पडायची. तालुक्याच्या एका दवाखान्यात दोन वर्षं गजकर्णाचं मलम मिळत राहिलं. दर पावसाळ्यात त्रास वाढायचा, म्हणून कुणी म्हणालं दमटपणा, कुणी म्हणालं खतं-औषधं. शेवटी पुण्याला दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी हात लावायच्या आधी विचारलं, "घराभोवती, शेतात गाजर गवत आहे का?" अब्बा हसले. म्हणाले, "साहेब, गवताभोवती आमचं घर आहे." पाठीवर पट्ट्या चिकटवून दोन दिवसांनी पाहिलं, तर गवताच्या अर्काच्या पट्टीखाली चामडी फुगलेली. डॉक्टर म्हणाले, यापासून लांब राहा. इनामगावात राहून गाजर गवतापासून लांब राहायचं म्हणजे धुळीपासून लांब राहण्यासारखं. त्याला हात लावायचीही गरज नसते. वाळलेल्या झाडाचा बारीक भुगा वाऱ्यावर येतो आणि चेहऱ्यावर बसतो.

अब्बांनी खुरपणी सोडली, मग बांधावर जाणं सोडलं. पण त्यांना सगळ्यात जड गेलं ते कब्रस्तानात जाणं सोडणं. दादांच्या कबरीची साफसफाई तेच करायचे. नंतरच्या काळात ते तोंडाला उपरणं गुंडाळून फाटकाशी उभे राहायचे आणि तिथूनच फातिहा पढायचे. मी आत जाऊन गवत उपटू लागलो की फाटकावरून ओरडायचे, "हात नक्को लगाव उसकू!" आणि मग जरा थांबून, स्वतःचीच समजूत घातल्यासारखं, "इथूनबी पोचतो फातिहा." आता ते स्वतः आतल्या बाजूला आहेत, त्याच गवतात.

अब्बा एकटे नव्हते हे मला फार उशिरा कळलं. पुणे आणि आसपासच्या शेतकऱ्यांमध्ये हा त्वचारोग इतका वाढला होता की पुण्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर यांनी दोन परदेशी सहकाऱ्यांसोबत १९७४ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. या आजाराबद्दल वाचताना मला पार्थेनिन हा शब्द भेटला. गाजर गवताच्या पानांवर, देठांवर, फुलांवर जी बारीक लव असते तिच्यात हे कडू रसायन साठलेलं असतं. त्याची खोड अशी, की प्रथिनांमध्ये जिथे गंधक असतो तिथे ते जाऊन घट्ट चिकटतं. माणसाच्या कातडीत असं झालं की शरीराला आपलंच प्रथिन परकं वाटू लागतं आणि ते त्याच्यावर तुटून पडतं. खाज, सूज, जाड पडलेली चामडी हा त्या लढाईचा परिणाम.

आणि हेच पार्थेनिन शेजारच्या झाडांनाही सोडत नाही. बी उगवू देत नाही, उगवलं तर मूळ वाढू देत नाही. अब्बांच्या मानेवर जे बसलं होतं तेच त्यांच्या सब्जाच्या मुळाशी बसलं असणार, हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून थोडा वेळ अंगणात जाऊन बसलो.

वाचून पटलं तरी हाताने पाहिल्याशिवाय राहवेना. अम्मीच्या दोन ताटल्या घेतल्या, दोन्हींत फडकं घातलं, एकावर साधं पाणी शिंपडलं, दुसऱ्यावर गाजर गवताची पानं रात्रभर भिजवून गाळलेलं पाणी. (हातमोजे घालून. अब्बांचा मुलगा आहे, तेवढी अक्कल आली आहे.) दोन्हींत मूठभर मूग आणि चिमूटभर सब्जा. पाचव्या दिवशी पहिल्या ताटलीतल्या मुगाला बोटाएवढी पांढरी मुळं होती. दुसऱ्या ताटलीत मूग फुगले होते, मोड तोंडाशी येऊन थांबला होता, आणि ज्यांना मुळं फुटली होती त्यांची टोकं तपकिरी, जळाल्यासारखी. सब्जा तर बुळबुळीत होऊन तसाच पडून होता. अम्मीने ताटली उचलून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला देऊन टाकली.

एका झाडाने रसायन सोडून दुसऱ्यावर परिणाम करणं, याला अ‍ॅलिलोपॅथी म्हणतात. ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी १९३७ मध्ये हा शब्द दोन ग्रीक शब्द जोडून केला. 'एकमेकांना सोसायला लावणं' असा त्याचा ढोबळ अर्थ लागतो. गाजर गवताकडे सोसायला लावायच्या बऱ्याच वाटा आहेत. पाऊस पडला की पानांवरची लव धुपून रसायन खाली मातीत उतरतं. मुळं ते सोडत असतात. झाड मेलं, कुजलं की उरलंसुरलं तेव्हा सुटतं. म्हणजे उपटून कबरीशेजारीच ढीग लावून ठेवायचा, जे आम्ही वर्षानुवर्षं करत आलो, तो गवतालाच मदत करण्याचा प्रकार होता. कडधान्याच्या मुळांवर हवेतला नत्र धरणाऱ्या ज्या गाठी येतात त्याही याच्या संगतीत कमी येतात. आणि बंगळुरूच्या कांचन आणि जयचंद्र या दोघांनी १९८० मध्ये जे दाखवलं ते वाचून तर मी चकितच झालो. गाजर गवताचे पराग वाऱ्याने उडून टोमॅटो, वांगी, मिरची, घेवड्याच्या फुलांवर बसले तरी फळं कमी धरतात. मुळं शेजारी असायचीसुद्धा गरज नाही.

आता माझ्या ताटलीने जेवढं सिद्ध केलं त्याहून जास्त मी बोलू नये. ताटलीत माती नव्हती. मातीतले सूक्ष्मजीव पार्थेनिनचा काही दिवसांत फडशा पाडतात, आणि पार्थेनिन एकटं सगळं करत नाही, त्याच्या जोडीला कॅफिक, फेरुलिक अशी इतर आम्लंही असतात, हे नंतरच्या संशोधकांनी दाखवलं आहे. शिवाय गुडघाभर गवताखाली सब्जाला ऊनही मिळालं नसणार, पाणीही कमी पडलं असणार. शेतात विष किती आणि सावली किती, हे वेगळं काढणं शास्त्रज्ञांनाही जड जातं. कबरीवर मला ते कुठून जमणार? पण गवत वरचं ऊन आणि खालची माती दोन्ही धरून बसलं होतं, एवढं नक्की.

याच दिवसांत एका सकाळी चहाच्या टपरीवर बसलो होतो. भिंतीवर गाजर गवताचं पोस्टर होतं. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृतीचा आठवडा पाळतात, त्याचं. वर मोठ्या अक्षरांत 'परकीय आक्रमक तण'. शेजारी बसलेला कॉलेजातला पोरगा ते वाचून मला म्हणाला, "बाहेरून आलेलं सगळं असंच असतं बघा चाचा. येतं आणि इथल्यांना जगू देत नाही." मग एकदम त्याच्या लक्षात आलं आपण कुणाशी बोलतोय. कान लाल झाले त्याचे. पोरगा चांगला आहे, अब्बांच्या मातीला आला होता, खांदाही दिला होता. त्याने माझ्या चहाचे पैसे दिले आणि निघून गेला. मीही काही बोललो नाही. पण ते दोन शब्द, परकीय आणि आक्रमक, गवताच्या आधी मी दुसरीकडे इतक्यांदा ऐकले आहेत की पोस्टर वाचताना माझंही मन क्षणभर गवताच्या बाजूने गेलं. अब्बांचा आजार पाहूनसुद्धा. हे मला आवडलं नाही, म्हणून जरा खोलात गेलो.

गवत परदेशी आहे यात वाद नाही. मेक्सिकोचं आखात आणि त्याभोवतीचा मुलूख हे त्याचं मूळ घर. ते भारतात कसं आलं, याची गोष्ट गावात कुणालाही विचारा, एकच उत्तर: पीएल ४८० च्या अमेरिकी गव्हातून. दादी त्या तांबड्या गव्हाला आयुष्यभर नावं ठेवत होती. काँग्रेसच्या राज्यात आला म्हणून काँग्रेस गवत, असं काहीजण म्हणतात, तर काहीजण म्हणतात पांढरी फुलं गांधी टोप्यांसारखी दिसतात म्हणून. पण तारखा लावून पाहा. भारतात हे गवत पसरायला लागल्याची सुरुवातीची नोंद पुण्याचीच आहे. १९५१ मध्ये प्रा. परांजपे यांना ते इथे दिसलं, आणि १९५६ मध्ये आर. एस. राव यांनी ते भारतासाठी नवी नोंद म्हणून प्रसिद्ध केलं. पीएल ४८० हा अमेरिकी कायदा झाला १९५४ मध्ये, आणि भारताशी त्याखालचा पहिला करार १९५६ च्या ऑगस्टात. म्हणजे गवत करारापेक्षा पाच वर्षं आधी पुण्यात हजर होतं! १९५१ मध्येही अमेरिकेने भारताला धान्यासाठी १९ कोटी डॉलरचं कर्ज दिलं होतं, तेव्हा धान्याच्या पोत्यातून बी आलं असणं अशक्य नाही. पुढच्या जहाजांनी भर घातली असेल. पण ज्याच्या नावावर आपण सत्तर वर्षं गुन्हा नोंदवून बसलो, तो त्या दिवशी गावातच नव्हता.

आणि बाहेरून आलेल्यांचीच यादी करायची तर आमच्या इनामगावात ती फार लांब जाते. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ पर्यंत इथे घोड नदीकाठची टेकाडं खणली. सांकळिया, ढवळीकर आणि अन्सारी या तिघांच्या नावावर त्या उत्खननाचा ग्रंथ आहे. अन्सारी हे नाव अब्बा पाहुण्यांना मुद्दाम सांगायचे. साडेतीन हजार वर्षांपूर्वी इथे जे शेतकरी राहत होते त्यांचं मुख्य पीक जव. गहूही पिकवायचे, मसूर, वाटाणा होता. जव, गहू, मसूर ही सगळी मुळात पश्चिम आशियातली पिकं. इथल्या सगळ्यात जुन्या शेतातलं धान्यच पाहुणं. मिरची, टोमॅटो, भुईमूग, मका तर अमेरिका खंडातून आले, थेट गाजर गवताच्या भाऊबंदांच्या मुलखातून, आणि ठेच्याला कुणी परकीय म्हणत नाही.

बरं, शेजाऱ्याला विष घालायची कला फक्त परक्यांकडे आहे असंही नाही. लहानपणी आम्हाला चिंचेखाली झोपू द्यायचे नाहीत, तिथे भूत असतं म्हणून. भुताचं माहीत नाही, पण चिंचेखाली गवत फारसं का माजत नाही याचा अभ्यास झाला आहे, आणि तिच्या पानांत-मुळांत इतर रोपांची वाढ रोखणारी द्रव्यं सापडली आहेत. ही चिंचही आफ्रिकेतून आलेली. अरबांनी तिला नाव दिलं तमर हिंदी, हिंदुस्थानचा खजूर, आणि ती इथलीच होऊन गेली. आपली ज्वारी घ्या. तिच्या मुळांवरच्या बारीक केसांच्या टोकाला सॉर्गोलिओन नावाच्या तेलकट द्रव्याचे पिवळे थेंब येतात, आणि ते आसपासच्या कोवळ्या तणाला मारक असतात. ज्या भाकरीवर हा सगळा मुलूख उभा राहिला तीसुद्धा शेजाऱ्याचं तोंड दाबूनच वाढते.

मग गाजर गवतात वेगळं काय? एक तर, इथल्या झाडांनी हजारो वर्षं त्याच्यासोबत काढलेली नाहीत, त्याच्या रसायनाची त्यांना सवय नाही. काही शास्त्रज्ञांचं असं म्हणणं आहे, आणि काही उदाहरणांत ते टिकतंही. दुसरं, त्याला खाणारे किडे मेक्सिकोतच राहिले, इथे गुरं तोंड लावत नाहीत. एक झाड पंधरा ते पंचवीस हजार बिया टाकतं, उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलतं, आणि पाणी असेल तिथे वर्षातून कित्येक पिढ्या काढतं. तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि पोस्टरवर ती नव्हती. हे गवत मोडलेल्या जमिनीवर येतं. खोदलेल्या रस्त्याची कड, अति चरलेलं गायरान, भराव टाकलेली जागा, पडीक प्लॉट. जिथे जुनं गवत दाट आणि धडधाकट आहे तिथे त्याला शिरायला जड जातं. आमचं कब्रस्तान तर सतत खोदलेली माती. त्याला आमंत्रणच.

उपायही बाहेरूनच आला, हे त्या पोराला सांगायचं राहून गेलं. झायगोग्रामा नावाचा भुंगेरा १९८३ मध्ये मेक्सिकोतून बंगळुरूला आणला, तपासला आणि पुढच्या वर्षी सोडला. पांढुरक्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा. आता आपल्याकडे पावसाळ्यात सहज दिसतो. मध्ये तो सूर्यफुलावर दिसला म्हणून गदारोळही झाला होता, कारण सूर्यफूल आणि गाजर गवत एकाच कुळातले. पावसाळ्यात भुंगेरे पानांची चाळण करतात, पण उन्हाळ्यात ते मातीत झोपतात आणि कॅनॉलकाठचं गवत जागंच असतं. दुसरा उपाय घरचा: तरोटा. उन्हाळ्याच्या शेवटी तरोट्याचं बी फेकलं तर पहिल्या पावसात तो दाट उठतो आणि गाजर गवताला जागा देत नाही. ज्याची पावसाळ्यात आपण भाजी करतो, तोच.

कब्रस्तानाच्या कुंपणाला लागून ज्या आप्पांचं कांद्याचं वावर आहे त्यांनीच मला तरोटा सुचवला. त्यांचा स्वार्थ उघड होता. आमच्या गवताचं बी दरवर्षी त्यांच्या कांद्यात जायचं, आणि वीस वर्षं ते काही बोलले नव्हते. मी विचारलं, का नाही बोललात? म्हणाले, "मयताची जागा. तिथलं गवत काढा म्हणून कसं सांगायचं, भाई?"

जमातीत मी हा विषय काढला तो एका जुम्म्याला, नमाजनंतर. आपण कब्रस्तान साफ करतो वर्षातून एकदा, शबे बरातच्या आधी. गेली काही वर्षं शबे बरात फेब्रुवारी-मार्चमध्ये येते आहे. तोवर गवत फुलून, बी टाकून, वाळून मोकळं झालेलं असतं. आपण काढतो तो त्याचा सांगाडा, आणि काढताना उरलेलं बी झटकून कबरींवर पेरतो. साफसफाई जुलैअखेर हवी, फुलं यायच्या आधी, मुळासकट, ओल असताना, हातमोजे घालून, आणि ढीग आत न ठेवता बाहेर खड्ड्यात. एक बुजुर्ग म्हणाले, "शबे बरातला करायची रीत आहे." मी म्हणालो, चांद्र वर्ष दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकतं, पंधरा-सोळा वर्षांनी शबे बरात आपोआप ऑगस्टात येईल, तोवर थांबायचं का? लोक हसले. तेही हसले, पण मान हलवली नाही. शेवटी ठरलं ते असं, की शबे बरातची साफसफाई आहे तशी राहील आणि जुलैत ज्याला जमेल त्याने यावं. पहिल्या वर्षी सात जण आलो. दोघांना अब्बांसारखाच पापण्यांचा त्रास आहे हे तिथे कळलं. त्यांना आम्ही फाटकाबाहेर पाणी द्यायच्या कामावर बसवलं.

यंदा तिसरं वर्ष. कडेच्या बाजूला तरोटा चांगला माजलाय, आप्पांच्या घरून दोनदा भाजीसाठी नेला. अब्बांच्या कबरीवर सब्जा मांडीएवढा झालाय आणि मंजिऱ्यांवर मधमाश्या आहेत. परवा गेलो तेव्हा सब्जाच्या बुंध्यापाशी गाजर गवताची कोवळी रोपं दिसली. गाजरासारखी कातरलेली पानं जमिनीला चिकटवून गोल पसरलेली, अजून देठ उठलेला नाही. मोजली, एकोणीस निघाली. खिशातून हातमोजे काढले, एकेक मुळासकट उचललं, पिशवीत टाकलं, आणि पुढच्या ओळीत गेलो. तिथे दादांची कबर आहे, आणि तिथे अजून गुडघाभर आहे.